भिंतीवरचा प्रिन्स आणि चारशे डॉलर

होस्टेलच्या खोलीची भिंत बघून पोरगं कितव्या वर्षाला आहे ते सांगता येतं. फर्स्ट इयरच्या भिंतीवर टाईमटेबल, घरून दिलेलं कालनिर्णय आणि देवाचा फोटो. सेकंड इयरला त्याच्या शेजारी बॉब मार्ली येऊन बसतो. थर्ड इयरपर्यंत जिम मॉरिसन, जिमी हेंड्रिक्स, कर्ट कोबेन, फ्रेडी मर्क्युरी अशी अख्खी मैफल जमते. हल्ली त्यात आपला रेहमानही असतो. यातल्या किती जणांची गाणी रूमवाल्याने खरोखर ऐकली आहेत हे मी विचारणार नाही. मेसमध्ये शेजारी बसायचं असतं.

पण एक निरीक्षण सांगतो. या मैफलीतला एकही चेहरा धड फोटो नसतो आणि धड चित्रही नसतं. अर्धा काळ्या सावलीत, उरलेला लाल, पिवळा नाहीतर जांभळा. केस म्हणजे रंगाचा एक ढीग आणि डोळे म्हणजे दोन डाग. तरीही कॉरिडॉरच्या त्या टोकाहून कोण आहे ते कळतं. याला पॉप आर्ट म्हणतात हे आता सगळ्यांनाच माहीत आहे, कारण मोबाईलमध्ये त्या नावाचं बटणच असतं. दाबलं की झालं!

आणि माझी तक्रार या बटणापासूनच सुरू होते. यंदाच्या फेस्टच्या टी-शर्टवर 'लीजेंड्स' म्हणून पाच गायकांचे चेहरे नेटवरून उतरवून, बटण दाबून छापायचे असं जवळजवळ ठरत आलंय. शर्ट फुकट वाटायचे नाहीत, विकायचे आहेत. म्हणजे इतके दिवस भिंतीवर असलेला प्रश्न आता अंगावर येणार आहे, अक्षरशः. माझं म्हणणं एवढंच आहे की अशा प्रत्येक चित्राखाली एक फोटो असतो, त्या फोटोमागे कॅमेरा धरलेला एक माणूस असतो, आणि आपण त्याला साफ पुसून टाकतो. ज्यांना हे फार सोवळं वाटत असेल त्यांनी पुढचं वाचावं. ज्यांना पटलंय त्यांनीही वाचावं, कारण गोष्ट मजेदार आहे.

या प्रकारातला सगळ्यात मोठा कारखानदार म्हणजे अँडी वॉरहॉल. जन्म १९२८, पिट्सबर्ग. शिक्षण कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे आजची कार्नेगी मेलन. इंजिनिअरिंग कॉलेजच म्हणा ना! शाखा मात्र पिक्टोरियल डिझाईन. पहिल्याच वर्षी गडी गळता गळता वाचला, उन्हाळी वर्ग करून कसाबसा टिकला आणि १९४९ साली पास होऊन न्यूयॉर्कला गेला. (एटीकेटीवाल्यांनी हा परिच्छेद कापून ठेवावा.) तिथे जाहिरातींची चित्रं काढून त्याने नाव आणि पैसा दोन्ही कमावलं. १९६२ च्या ऑगस्टच्या सुमाराला त्याच्या हाती फोटोवरून केलेलं स्क्रीन प्रिंटिंग लागलं आणि गाडी सुटली.

स्क्रीन प्रिंटिंग म्हणजे काही परग्रहावरची विद्या नाही. आपल्याकडे लग्नपत्रिका, दुकानाच्या पिशव्या, गणेशमंडळांचे टी-शर्ट यावरच निघालेत. लाकडी चौकटीवर बारीक जाळी ताणायची, पूर्वी रेशमाची, आता पॉलिस्टरची. तिच्यावर उजेडाने घट्ट होणारा लेप द्यायचा. फोटो आधी ठिपक्याठिपक्यांचा, निव्वळ काळा-पांढरा करून पारदर्शक फिल्मवर घ्यायचा, ती फिल्म जाळीवर ठेवून उजेड दाखवायचा. जिथे काळं तिथे उजेड पोचत नाही, लेप कच्चा राहतो आणि पाण्याने धुऊन निघतो. त्या मोकळ्या जागेतून रबराच्या पट्टीने शाई खाली ओढायची. आपल्या सर्किट बोर्डच्या प्रॅक्टिकलला हेच करतो, फक्त तिथे चेहऱ्याऐवजी ट्रॅक असतात. या पद्धतीत करडा रंग नावाची भानगड नाही. शाई एक तर पडते नाहीतर पडत नाही. सावली इतकी ठसठशीत दिसते ती त्यामुळे. पॉप आर्टचा 'लूक' म्हणून आपण ज्याला म्हणतो त्यातला निम्मा भाग कलावंताचा आणि निम्मा जाळीचा आहे.

१९६३ साली वॉरहॉलने एल्विस प्रिस्ली घेतला. 'फ्लेमिंग स्टार' या १९६० च्या सिनेमाच्या जाहिरातीचा फोटो: काऊबॉयच्या कपड्यातला एल्विस बंदूक रोखून उभा. चंदेरी रंग दिलेल्या कॅनव्हासवर माणसाच्या उंचीएवढा एल्विस, शेजारी पुन्हा एल्विस, त्यावर अर्धा चढलेला आणखी एक एल्विस. लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीला त्याने चित्रं पाठवलीच नाहीत, छापलेल्या कॅनव्हासची न कापलेली गुंडाळी पाठवली. गॅलरीवाल्याने हवी तशी कापून चौकटीवर ताणून घ्यायची! तागा पाठवावा तसा एल्विस पाठवला. मला हे चित्र मनापासून आवडतं. छापता छापता शाई कमी होत जाते, शेवटचा एल्विस पहिल्यापेक्षा फिका पडतो, आणि पडद्यावरचा हिरो हाही साबणाच्या वडीसारखा छापून काढायचा माल आहे, वापरून झिजणारा, हे एक अक्षर न लिहिता कळतं. पुढे या मालिकेतला 'ट्रिपल एल्विस' एका जर्मन कॅसिनो कंपनीकडे होता. २०१४ साली लिलावात तो ८ कोटी १९ लाख डॉलरला गेला. तो मूळ फोटो काढणारा मात्र कुणाच्या बोलण्यातही येत नाही.

आता कुणी म्हणेल, तो जमानाच तसा होता. कोण कुणाला विचारत होतं? तर विचारत होते. १९६७ च्या बीटल्सच्या 'सार्जंट पेपर' या रेकॉर्डचं कव्हर आठवा. पीटर ब्लेक आणि त्याची तेव्हाची बायको जॅन हावर्थ यांनी ते मांडलं. बीटल्सच्या मागे नामवंतांचे माणसाएवढे कटआऊट उभे केले, जॉर्ज हॅरिसनच्या आग्रहाने त्यात योगानंद, युक्तेश्वर, लाहिरी महाशय आणि बाबाजीही आले. जे हयात होते त्यांना बीटल्सच्या ऑफिसातून रीतसर पत्रं गेली. मे वेस्ट आधी नाही म्हणाली, मग बीटल्सनी स्वतः लिहिल्यावर तयार झाली. लिओ गोर्सी नावाच्या नटाने चारशे डॉलर मागितले, तर त्याला कव्हरवरून रंगवून गायब केलं. गांधीजींचाही कटआऊट होता, तो भारतातला खप बिघडेल या भीतीने कंपनीने काढायला लावला. म्हणजे जगातल्या सगळ्यात धांदलीच्या बँडलासुद्धा पत्रं पाठवायला सवड होती. पीटर ब्लेकला या कामाचे मिळाले दोनशे पौंड, पण तो वेगळा लेख होईल. गोर्सीचा चारशे हा आकडा मात्र लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

त्याच वर्षी मिल्टन ग्लेसरचा बॉब डिलन आला. काळाकुट्ट एका बाजूचा चेहरा आणि डोक्यावर रंगीबेरंगी वेटोळ्यांचे केस. आपल्या होस्टेलमध्येही तो किमान दोन खोल्यांत आहे, आणि दोन्ही ठिकाणी तो कुणी काढला हे कुणाला माहीत नव्हतं. डिलनच्या 'ग्रेटेस्ट हिट्स'च्या रेकॉर्डबरोबर हे पोस्टर घडी घालून फुकट दिलं होतं, म्हणून जुन्या अस्सल प्रतींवर घडीच्या खुणा असतात. साधारण ६० लाख प्रती निघाल्या असं म्हणतात. ग्लेसरने तो चेहरा मार्सेल दुशाँच्या एका आत्मचित्रावरून सुचला हे लपवलं नाही, आणि केसांच्या वेटोळ्यांत इस्लामी चित्रकलेतली नक्षी आहे हेही. पण दुशाँचं चित्र आणि ग्लेसरचं पोस्टर शेजारी ठेवून बघा. एक फाटलेल्या कागदाचा शांत चेहरा आणि एक डोक्यात जत्रा भरलेला चेहरा. घेतलेलं पचवलं की असं होतं. त्याच रेकॉर्डच्या कव्हरवर रोलंड शर्मनने काढलेला डिलनचा फोटो होता, मागून निळा उजेड, केस पेटल्यासारखे. त्या कव्हरला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं. एका पाकिटात फोटोग्राफरचंही काम आणि चित्रकाराचंही, आणि दोघांची नावं जगाला माहीत. होतं असं, जमवलं तर!

वॉरहॉलला मात्र ठेच लागावी लागली. १९६४ साली त्याने फुलांची चित्रं केली ती एका फोटोग्राफीच्या मासिकात आलेल्या जास्वंदीच्या फोटोवरून. फोटो पॅट्रिशिया कॉलफील्ड यांचा. त्यांनी १९६६ साली दावा लावला आणि तडजोड करावी लागली. त्यानंतर साहेबांनी कॅमेरा स्वतःच्या हातात घेतला. याचं सगळ्यात छान फळ म्हणजे १९७५ चा मिक जॅगर. रोलिंग स्टोन्स त्या वर्षी दौऱ्याच्या तालमीसाठी माँटॉकला, वॉरहॉलच्याच समुद्रकाठच्या घरी भाड्याने राहिले होते. फोटो वॉरहॉलने स्वतः काढले, त्यावर फाडलेल्या कागदांसारखे रंगांचे तुकडे आणि हाताने मारलेल्या रेषा घातल्या. दहा प्रिंट, प्रत्येकाच्या अडीचशे प्रती. आणि खाली सही दोघांची, वॉरहॉलची आणि जॅगरची. ज्याचा चेहरा तोही सही करतो, ज्याचं काम तोही. मला विचाराल तर गाणाऱ्या माणसाचं पॉप आर्ट प्रिंट कसं असावं याचा हा नमुना. जॅगर त्यात देखणा दिसत नाही, थोडा दमलेला, थोडा चावट दिसतो. जाहिरातीच्या फोटोत हे सापडलंच नसतं.

आणि तोच वॉरहॉल नऊ वर्षांनी प्रिन्सच्या वेळी परत जुन्या वाटेला गेला.

१९८१ चा डिसेंबर. प्रिन्स अजून फारसा कुणाला माहीत नाही. लिन गोल्डस्मिथ ही रॉक संगीतातली नावाजलेली फोटोग्राफर त्याला न्यूयॉर्कमधल्या आपल्या स्टुडिओत बोलावते. पोरगा बुजलेला. ती त्याला थोडं आयशॅडो, थोडं लिपग्लॉस लावते, छत्र्या अशा लावते की डोळ्यांत उजेडाचे बारीक ठिपके यावेत. तो थोड्याच वेळात निघून जातो. तेवढ्या वेळात मिळालेला एक काळा-पांढरा फोटो, समोर थेट बघणारा, जरा घाबरलेला प्रिन्स.

१९८४ साली 'पर्पल रेन'ने प्रिन्स आकाशाला भिडला. 'व्हॅनिटी फेअर' मासिकाला लेखासोबत चित्र हवं होतं. त्यांनी गोल्डस्मिथच्या एजन्सीकडून तो फोटो 'चित्रकाराला संदर्भ म्हणून, एकदाच वापरायला' चारशे डॉलरला घेतला. चित्रकार कोण हे तिला सांगितलं नव्हतं. तो होता वॉरहॉल. त्याने जांभळ्या चेहऱ्याचा प्रिन्स केला, मासिकात तो छापला आणि गोल्डस्मिथचं नावही छापलं. इथवर सगळं ठीक. पण वॉरहॉल एकावर थांबला नाही, त्याने त्याच फोटोवरून एकूण सोळा प्रिन्स केले. १९८७ साली तो गेला. २०१६ साली प्रिन्स गेला, तेव्हा मासिकाच्या कंपनीने विशेषांक काढला आणि कव्हरवर सोळातला नारिंगी प्रिन्स घेतला. वॉरहॉल फाउंडेशनला मिळाले दहा हजार अडीचशे डॉलर. गोल्डस्मिथला? शून्य. नावसुद्धा नाही. कव्हर बघितल्यावर तिला कळलं की असं दुसरं चित्र अस्तित्वात आहे!

तिने फाउंडेशनला कळवलं, तर फाउंडेशननेच २०१७ साली कोर्टात धाव घेतली. खालच्या कोर्टात २०१९ ला फाउंडेशन जिंकलं, २०२१ ला अपिलात गोल्डस्मिथ, आणि १८ मे २०२३ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन अशा मतांनी तिच्या बाजूने निकाल दिला. बहुमताचं निकालपत्र न्यायमूर्ती सोटोमायोर यांचं, विरोधी न्यायमूर्ती केगन यांचं, त्यांच्या बाजूला सरन्यायाधीश रॉबर्ट्स. दोघी विदुषी एकमेकींना जो टोला हाणतात, अगदी तळटिपांमध्ये घुसून, तो वाचला की आपल्या मेस कमिटीच्या मीटिंगा फारच सभ्य वाटतात.

केगन यांचं म्हणणं मला झटकून टाकता येत नाही. त्या म्हणतात, कला नेहमीच आधीच्या कलेवर उभी राहते, प्रत्येक वेळी परवाना मागायला लावलात तर नवं काही जन्मणारच नाही. खरंच आहे. एल्विसच्या वेळी वॉरहॉल परवानगीच्या रांगेत उभा राहिला असता तर ते चंदेरी कॅनव्हास आपल्याला दिसले असते का? कदाचित नाही. आणि नारिंगी प्रिन्स म्हणजे निव्वळ रंगवलेला फोटो आहे असं ज्याला वाटतं त्याने दोन्ही शेजारी ठेवून बघावेत. गोल्डस्मिथचा प्रिन्स माणूस आहे, वॉरहॉलचा प्रिन्स मूर्ती आहे. खांदे गेले, छाती गेली, नुसतं डोकं हवेत तरंगतंय.

पण कोर्टापुढचा प्रश्न 'हे चित्र थोर का' असा नव्हताच. प्रश्न होता धंद्याचा. प्रिन्सवरच्या लेखाला प्रिन्सचा चेहरा पुरवायचा आणि त्याचं भाडं घ्यायचं, हे गोल्डस्मिथचं रोजचं काम. फाउंडेशनने त्या कव्हरसाठी तेच केलं, तिच्याच फोटोच्या जोरावर. कॅम्पबेल सूपच्या डब्यांची गोष्ट वेगळी, असंही कोर्टाने समजावलंय. सूपवाली कंपनी चित्रं विकत नाही, तिच्या पोटावर पाय येत नाही, आणि डब्याचं चित्र त्या डब्याबद्दलच काही सांगतं. वॉरहॉलची चित्रं भिंतीवरून उतरवा असं कोर्टाने म्हटलेलं नाही. एवढा बारीक निकाल आहे, आणि मला तो न्याय्य वाटतो. सोळा प्रिन्स करा, साठ करा. पण भाडं घ्यायला निघालात की जिच्या घराच्या पायावर माडी चढवली तिलाही विचारा.

आता आपला शर्ट. 'आपण काय वॉरहॉल फाउंडेशन आहोत का? आपल्यावर कोण दावा लावणार?' हे उत्तर मला तीन जणांनी दिलंय, त्यातले दोघे कमिटीत आहेत. बरोबर आहे, कोणी लावणार नाही. पण पकडले जाणार नाही म्हणून करायचं असेल तर मग जर्नल कॉपी केल्याबद्दल ज्युनियरना भाषणं कशाला देतो आपण? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातसुद्धा फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा माणूस, हे स्पष्ट आहे. शिवाय कायदा बाजूला ठेवा. पुण्यात सतीश पाकणीकरांनी वर्षानुवर्षं गायक-वादकांचे फोटो काढलेत, तानपुऱ्याआडून, अंधुक उजेडात, योग्य क्षणाची वाट बघत. अशा एखाद्या फोटोवर कुणीतरी बटण दाबलं आणि शर्ट विकले, तर ज्याने इतकी वाट बघितली त्याला काय वाटेल, एवढाच विचार करा.

आणि दुसरं, जे मला जास्त खुपतं. बटणाचं चित्र कंटाळवाणं असतं हो! फ्रेडीचा हवेत उगारलेला हात मी इतक्या शर्टांवर बघितलाय की आता तो रिक्षा थांबवतोय असं वाटतं. ग्लेसरने डिलन काढला तेव्हा तसा डिलन कुणी बघितलेला नव्हता. आपण छापणार आहोत तो प्रत्येक चेहरा सगळ्यांनी हजारदा बघितलेला आहे.

तेव्हा कमिटीसाठी माझा ठोस प्रस्ताव: पाच चेहरे ठेवा, पण आपले. गॅदरिंगला सलग चाळीस मिनिटं वाजवून काठी मोडणारा आपल्या बँडचा ड्रमर. ढोल-ताशा पथकातली ताशेवाली, जिच्यामुळे मागच्या गणपतीत सरही नाचले. गर्ल्स होस्टेलमधून संध्याकाळी ऐकू येणारी ती बासरी, कोण वाजवतं ते एकदा कळू तरी दे. सिव्हिलच्या लॅबमधले ते सर, जे बीम मोडायची वाट बघत नाट्यगीत गुणगुणतात. आणि आपले मेसचे मामा. दर गुरुवारी पोळ्या लाटताना भजन म्हणतात आणि तव्यावर झांजेचा ठेका धरतात, हे ज्याने ऐकलं नाही त्याची इंजिनिअरिंग वाया गेली.

फोटो आपणच काढू. आधी विचारून काढू. ठिपके पाडायचं काम कॉम्प्युटरवाले करतील. चौकटी वर्कशॉपमध्ये होतील, वर्कशॉपचे सर हो म्हणालेत, फक्त सुट्टीच्या दिवशी या म्हणाले. दोन रंगांत भागवलं तर एका चेहऱ्याला दोनच जाळ्या लागतात. पहिले काही शर्ट वाकडे निघतील, एकावर शाई जास्त, एकावर कमी, तेच खरे झकास दिसतील. आणि शर्टाच्या आत, गळ्यापाशी, दोन नावं छापू: चेहरा कुणाचा आणि फोटो कुणाचा. माँटॉकच्या त्या प्रिंटवर दोन सह्या आहेत तशा.

मामांना मी विचारून ठेवलंय. त्यांनी आधी शर्टाची किंमत विचारली, मग मोबाईलवर जॅगरचा प्रिंट बराच वेळ बघितला, आणि म्हणाले, "काढा की फोटो. पण गुरुवारीच काढा, त्या दिवशी दाढी केलेली असते."